संघमित्राने विकलेले किलोमीटर

आमची संघमित्रा थांबते. तिच्याबद्दल एका वाक्यात सांगायचं झालं तर मी हेच सांगेन. लहानपणी तिला दीपनगरच्या बाजारात कोथिंबीर आणायला पाठवलं की ती दिवेलागणीला परत यायची. हातात कोथिंबीर नसायची, पण भाजीवालीची सून माहेरी का जाऊन बसली आहे हे तिला अथपासून इतिपर्यंत ठाऊक असायचं. शाळेच्या शर्यतीत शिट्टी वाजल्यावर बाकीच्या मुली धावत सुटल्या आणि ही शिट्टी वाजवणाऱ्या सरांच्या हाताला पट्टी का बांधली आहे ते विचारत उभी राहिली. सरांनी सांगितलंही. सायकलवरून पडले होते.

मी तिच्यामागे सतत एकच शब्द घेऊन असायचे: चल. चल, गाडी सुटेल. चल, दूध उतू जाईल. पुढे ती धुळ्याला वकिली शिकायला गेली तेव्हा मला वाटलं, आता तरी पाय उचलेल. पण तिथे तिला थांबण्याची रीतसर पदवीच मिळाली. वकील झाली म्हटल्यावर लोक आपणहून तिला थांबवायला लागले.

सध्या ती जळगावला 'मोकळी वाट' नावाच्या एका छोट्या संस्थेत काम करते. मानवी हक्कांचं काम आहे. लोकांना वाटतं म्हणजे मोर्चे आणि घोषणा, पण तिचं काम फार साधं आहे. कोर्टाने जामीन दिलेला असतो, पण भरायला पैसे नसतात आणि उभं राहायला माणूस नसतो, म्हणून काही लोक तसेच तुरुंगात बसून राहतात. त्यांच्यासाठी ही धावपळ करते. त्यातलाच एक कौतिक. शेतातली पाण्याची मोटार चोरल्याचा त्याच्यावर आरोप. तो म्हणतो चोरली नाही, उचलून बांधावर ठेवली, कारण ती पाण्यात बुडत होती. खरं-खोटं कोर्ट बघेल. पण जामीन मिळून कापसाचा एक हंगाम आणि एक दिवाळी उलटली तरी तो आतच. संघू भेटायला गेली की तो केसबद्दल काही विचारत नसे. "ताई, मही बकरी कशी हाये?" एवढंच विचारी. मग ही पुढच्या रविवारी त्याच्या गावी जाऊन शेजाऱ्याकडे ठेवलेली बकरी बघून येई आणि आत जाऊन सांगे, "बरी आहे. जरा वाळलीय, पण मारकुटी तशीच आहे."

अशा लोकांसाठी पैसा उभा करायचा होता. जळगावात हिवाळ्यात अर्धी मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरची शर्यत, व्हायची होती. तिच्या संस्थेत कुणीतरी म्हणालं, मोठ्या शहरांत लोक चांगल्या कामासाठी पळतात आणि देणग्या गोळा करतात. संघू म्हणाली, मी पळते.

"तू?" मी म्हटलं.

"का? पाय आहेत की मला."

"पाय आहेत गं. ते चालू स्थितीत आहेत का ते विचारतेय."

त्या दिवसापासून माझी झोप गेली. फोनवर वाचलं की पळताना लोकांना चक्कर येते, नखं काळी पडतात, मीठ कमी होतं. मी शेंगदाण्याचे लाडू करून ठेवले, साखर-मिठाचं पाणी बाटल्यांत भरून ठेवलं आणि तिचा रक्तदाब रोज मोजायला लागले. तो कायम नीट असायचा. माझाच वाढलेला निघाला. आमच्या ह्यांची सगळी नोकरी वीज केंद्रात बॉयलरपाशी गेली. ते म्हणाले, "बॉयलरसुद्धा हळूहळूच तापवतात. पळू दे तिला."

सराव आमच्या वीज केंद्राच्या कॉलनीतच सुरू झाला. पहिले काही दिवस ती पळायला जायची आणि दोन म्हाताऱ्यांना चहाला घेऊन यायची. मग तिने युक्ती काढली. ज्याला सल्ला हवा असेल त्याने सायकल घेऊन यायचं. ती पळायची, तो शेजारून सायकल हाकत आपली हकिकत सांगायचा आणि ही धापा टाकत म्हणायची, "नोटीस... आली का? मग... उत्तर... द्यावंच लागेल." चार महिन्यांत ती खरोखर पळायला लागली. कॉलनीतल्या निम्म्या लोकांच्या सायकलीही त्या निमित्ताने दुरुस्त झाल्या.

पैशासाठी मात्र तिने जे केलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. तिने किलोमीटर विकले. म्हणजे असं, की तुम्ही देणगी द्यायची आणि शर्यतीतला एक किलोमीटर तुमच्या नावाने पळायचा. रस्त्याच्या कडेला तुमच्या नावाची पाटी. तिला वाटलं, पाटी लागली की लोक खूश होतील आणि संपेल. तिने एवढी वकिली केली, पण आपल्या लोकांना एखाद्या जागेवर आपलं नाव लागलं की काय होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. जागा आपली झाली की तिथून जाणारा माणूस आपला पाहुणा होतो. आणि पाहुण्याला कोरड्या तोंडाने जाऊ देणं म्हणजे गावात तोंड दाखवायला जागा न उरणं.

किलोमीटर भराभर गेले. नरडाण्याच्या माझ्या कलामावशीने सातवा घेतला. रावेरकडच्या रुपचंदभाऊ नावाच्या केळीवाल्या शेतकऱ्याने चौदावा घेतला. त्यांच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याला, संघूने एकदा सोडवलं होतं. त्या पैशांतून बाकीच्यांच्या जामिनाची सोय झाली. पण कौतिकची रक्कम सगळ्यांत मोठी होती, आणि विकायला किलोमीटर उरले नव्हते.

म्हणून ती रतिलाल शेठांकडे गेली. शेठांचं कापसाचं जिनिंग आहे आणि त्या शर्यतीलाही त्यांचाच पैसा होता. माणूस वाईट नाही. पैसे देण्याआधी त्यांना थोडी गंमत लागते एवढंच. ते म्हणाले, "ताई, कौतिकची सगळी रक्कम मी देतो. पण तू काही पळायची नाहीस. चहाला म्हणून आलीस आणि माझ्या हमालांच्या तक्रारी ऐकत दुपार केलीस. शर्यतीच्या मागून एक गाडी येते. ती ज्याला गाठते तो बाद. त्या गाडीच्या आधी मैदानात पोच. पोचलीस तर पैसे. नाही पोचलीस तर एक नारळ आणि माझा नमस्कार."

संघू हो म्हणून आली.

शर्यतीच्या दिवशी मी त्या मागच्या गाडीतच बसले. मला वाटलं, पोर कोसळली तर हीच गाडी तिला उचलणार, मग आपण आधीच आत असलेलं बरं. संयोजकांना मी इतक्या वेळा फोन केले होते की त्यांनी शेवटी मला एक बिल्ला देऊन टाकला. लहानशी बस होती. चालवायला सुकदेव नावाचा शांत माणूस, मागे एक नर्स, आणि पुढच्या सीटवर, गंमत बघायला, खुद्द रतिलाल शेठ. सुकदेवला सांगून ठेवलं होतं: ठरलेल्या संथ वेगाने चालव, वेग वाढवू नकोस. वाटेत कुणी भरीत घेऊन आडवं आलं तर काय करायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पहिले दोन किलोमीटर छान गेले. तिसऱ्याला रस्त्यात सडा-रांगोळी दिसली. कडेला छोटा मांडव, त्यात सतरंजी, आणि मांडवात आमची संघू. गळ्यात हार, खांद्यावर टॉवेल, डोक्यावर टोपी, हातात नारळ. समोर कपबशी.

"बघा," शेठ मांडीवर थाप मारून म्हणाले, "बसली!"

ती कशीबशी सुटली. पण चौथ्यावर पुन्हा टॉवेल. पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये तर भांडण पेटलं होतं. तिथे एक डेरेदार निंब होता आणि दोघा मालकांना आपला मांडव त्याच सावलीत हवा होता.

"पाटी इथं रोवली, मंग झाड मह्याच किलोमीटरात!"

"रात्रीतून पाटी सरकावली यानं! शेतातबी बांध असाच कोरतो!"

आणि आमची वकील मध्ये उभी राहून दोघांचं म्हणणं ऐकून घेत होती. मी खिडकीतून ओरडले, "संघू, चल!" तिने हाताने 'एक मिनिट' अशी खूण केली. मग निकाल दिला: खोड सहाव्याचं, सावली सकाळी पाचव्याची. दोघांनाही पटलं. दोघांनी मिळून तिला टॉवेल दिला.

एव्हाना आमची बस तिच्या पाठीला लागली होती. पुढे सातव्या किलोमीटरवर कलामावशी रस्त्याच्या मधोमध उभी. अंगावर ठेवणीतलं लुगडं आणि हातात संघूसाठी नवीकोरी साडी. मागे नरडाण्याहून जीप भरून आलेली माणसं, आणि कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा धूर.

"ये वं माय," मावशी म्हणाली, "हाऊ मना किलोमीटर शे. जेवाशिवाय जाऊ देवाव नही."

"आजी, मागे गाडी आहे."

"गाडीनं काय? गाडीबी जेवी." आणि मावशीने ती साडी तिच्या पळायच्या कपड्यांवरून गुंडाळायला सुरुवातही केली.

संघूने मान वळवून बसकडे पाहिलं. मी तिचा चेहरा पाहिला. कोथिंबिरीशिवाय घरी यायची तेव्हाचाच तो चेहरा होता. आजीचा हात झटकणं तिला जन्मात जमलं नसतं, आणि तिकडे कौतिक बकरीच्या बातमीची वाट बघत बसला होता. बस दहा-बारा पावलांवर आली. खरं सांगू? क्षणभर मला बरं वाटलं. आता ती बसमध्ये येईल, पंख्याखाली बसेल, लाडू खाईल. मग काय झालं कोण जाणे, मी दार उघडलं आणि चालत्या बसमधून उडी मारली. मी. जी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे तीन-तीनदा बघते.

"मावशी," मी म्हटलं, "तिचा मान मला द्या. मी तिची आई आहे. आईने घेतला म्हणजे पोरीलाच पोचला ना?"

मावशीने विचार केला. लग्नात मुलीचा आहेर आई घेतेच. बिनतोड होतं.

"मंग तू जेवशी?"

"पोटभर."

मावशीने साडी सोडवून माझ्या खांद्यावर टाकली. मी संघूकडे वळले आणि म्हटलं, "पळ!"

ती पळाली. आणि मावशीचे लोक बसकडे वळले. किलोमीटरात आलेला प्रत्येक जण पाहुणा. सुकदेवला उतरवलं, नर्सला उतरवलं आणि रतिलाल शेठांना तर दोघांनी दंडाला धरून सतरंजीवर बसवलं. त्यांच्यापुढे भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वरून कच्च्या तेलाची धार. शेठ "अहो, माझं पथ्य आहे" म्हणत होते. मावशी म्हणाली, "पथ्यवालासले दोनच भाकरी."

मी आयुष्यात इतकी हळू कधी जेवले नव्हते. भरताची कृती विचारली. वांगी कुठली, तेही विचारलं. मावशीने नरडाण्याच्या सगळ्या बाळंतपणांच्या बातम्या सांगितल्या, मी प्रत्येक बाळाचं वजन विचारलं. तेव्हा कुठे मला कळलं की थांबण्यात केवढं सुख असतं. पोरगी उगाच नाही थांबत.

त्यानंतर संघू प्रत्येक पाटीपाशी 'मागून आई येतेय' असं ओरडून पुढे जायची आणि मी तिथे उतरायचे. "तिचा मान मला द्या." आठव्याला चहा, नवव्याला शेवभाजी, दहाव्याला पुन्हा चहा आणि आमच्या ह्यांची चौकशी. माझ्या अंगावर टॉवेलांचे थर बसले. बसच्या मागच्या सीटवर नारळ गडगडत होते, प्रत्येक वळणावर नर्स पाय वर घेत होती.

अकराव्याला शेठांच्या डोक्यात प्रकाश पडला. "बाई, तुम्ही हे मुद्दाम करताय."

"मी काय केलं शेठ? एक भाकरी जास्त मागितली."

"ती तुमची चौथी होती!"

"हिवाळ्यात मला भूक लागते."

शेठ खवळले. "सुकदेव, आता कुणासाठी थांबायचं नाही. हात दाखवू देत, आडवं पडू देत. थांबायचं नाही."

सुकदेवने ढेकर दिला आणि बस सरळ काढली. बारावा गेला, तेरावा गेला. लोक मागून "ओ पाहुणे, ओ पाहुणे" करत धावले. पुढे संघूची पाठ दिसायला लागली. ती थकली होती, एक पाय ओढत होती. मी मुठी आवळून बसले. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, खाण्यासारखंही नाही.

आणि चौदाव्या पाटीपाशी रस्त्याच्या मध्यावर धोतर-टोपीतला एक उंच माणूस हात पसरून उभा होता. संघूला त्याने हसून जाऊ दिलं होतं. त्याचे हात बससाठी पसरले होते.

शेठांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "अरे, थांब, थांब! ते आमचे व्याही आहेत!"

शेठांची धाकटी मुलगी रुपचंदभाऊंच्या घरात दिली आहे, हे मला तेव्हा कळलं. मुलीच्या बापाने व्याह्यांच्या समोरून गाडी तशीच न्यायची? सुकदेवने न विचारता इंजिन बंद केलं.

"व्याही," रुपचंदभाऊ म्हणाले, "मह्या किलोमीटरातून तुम्ही तसेच चालले व्हते?"

"छे छे! उतरतच होतो."

"लग्नातबी तुम्ही घाईघाईत पंगतीतून उठले व्हते. आमच्याकडचे लोक अजून बोलतात."

"तेव्हा माल उतरवायचा होता हो, जिनिंगवर..."

"आज तं नाही ना उतरवायचा? बसा मंग."

शेठ बसले. पाय धुवायला पाणी आलं. टॉवेल, टोपी, नारळ, फोटो. टोपी लहान निघाली, दुसरी येईपर्यंत थांबणं आलं. मग वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, तुपात बुडवून. शेठ माझ्याकडे असे बघत होते की मला त्यांची दया आली. मी म्हटलं, "घ्या शेठ, संकोच करू नका," आणि त्यांच्या ताटात आणखी एक बट्टी ठेवली.

रुपचंदभाऊंनी पळणाऱ्यांसाठी केळीही आणली होती. पॅकिंगवरून थेट, खोकी भरून, हिरवीगार आणि दगडासारखी. नर्सने एक सोलायचा प्रयत्न केला तर नख मोडलं.

"कच्ची आहेत हो भाऊ," मी म्हटलं.

"मंग? पिकेल केळ प्रवासात टिकत नाही. घरी न्या, चार दिवस ठेवा, मंग खा." पळणाऱ्याला आत्ता खायला लागतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सगळी खोकी बसमध्ये चढली.

निघताना त्यांनी शेठांचा हात हातात घेतला. "व्याही, त्या पोरीनं मह्या नावानं हा किलोमीटर पळला. ते पोचली नाही तं मव्हा किलोमीटर वाया जाईन. मंग मी तुमच्याकडेच पाहीन."

शेठांनी ढेकर दाबत मान डोलावली. पोटात जागा नव्हती.

पुढच्या पाट्यांवरचा मान मी खिडकीतूनच घेतला. केळी, नारळ आणि भरल्या पोटाची माणसं घेऊन बस शहरात शिरली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मैदानाचं फाटक दिसलं. आणि फाटकापाशी, शेवटच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर, आमची संघू उभी होती.

थांबली होती. फाटकावरच्या म्हाताऱ्या वॉचमनशी बोलत होती. त्याने एक घडी घातलेला कागद खिशातून काढला होता आणि ती तो उलगडून वाचत होती.

 मी ओरडायला तोंड उघडलं. बस तिच्या दिशेने सरकत होती. तेवढ्यात पुढच्या खिडकीतून टोपीवाला एक माणूस कमरेपर्यंत बाहेर आला.

"अगं पळ ना, माझे आई!" रतिलाल शेठ बोंबलले. "तो कागद कुठे पळून जातोय? मी बघतो त्याचं काय ते! पळ! सुकदेव, ब्रेक! ब्रेक दाब! मला उलटी होतेय!"

बस जागच्या जागी थांबली. नारळ सगळे पुढे आले. संघूने वर पाहिलं, वॉचमनला म्हणाली, "बाबा, माझ्याबरोबर चला," आणि पळाली. म्हाताराही हातात काठी घेऊन तिच्यामागे पळाला. दोघांनी मिळून रेषा ओलांडली. आमचे हे तिथे थर्मास घेऊन उभे होते. त्यांनी दोघांना चहा दिला.

बस नंतर आली. शेठांना उलटी झाली नाही. त्यांनी टोपी सरळ केली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "पोचली. गाडीच्या आधी पोचली. आमच्या व्याह्यांना कुणीतरी फोन करा." पैसे त्यांनी दुसऱ्याच दिवशी भरले. पुढच्या वर्षी त्यांना पहिला किलोमीटर हवा आहे. तिथे नुसता चहा असतो.

घरी महिनाभर खोबऱ्याच्या वड्या चालल्या होत्या. टॉवेल इतके झाले की ह्यांनी स्कूटर पुसायलाही नवे वापरले. केळी चौथ्या दिवशी सगळी एकदम पिकली आणि कॉलनीत दारोदार वाटावी लागली.

मग एका सकाळी आमच्या घराच्या फाटकाशी एक किडकिडीत माणूस उभा दिसला. दोरीला एक बकरी, आणि ती माझ्या जाईचा वेल खात होती.

"कौतिक का?" मी विचारलं.

"हो माय. ताई हायेत का?"

ताई दूध आणायला गेली होती. कधी येईल ते सांगता येत नव्हतं. मी त्याला बसवलं, चहा दिला. तो बकरीकडे बघत म्हणाला, "ताईनं खरंच सांगितलं व्हतं. वाळली हाये थोडी." मग त्याने पिशवीत हात घातला आणि एक नारळ आणि एक पातळसा टॉवेल काढून माझ्यापुढे धरला.

घरात नारळ ठेवायला जागा नव्हती. मी डोक्यावर पदर घेतला आणि दोन्ही हातांनी तो घेतला. त्याच्या वड्या केल्या नाहीत.

मग आम्ही दोघं संघूची वाट बघत बसलो. बकरीने जाई संपवली आणि ती मोगऱ्याकडे वळली.